मापसाहेब आणि पिवळी जपानी

मापसाहेबांनी मला खोली दाखवण्याआधी माझी उंची मोजली. फाटकातच उभं केलं, खिशातून पोलादी टेप काढला, टाचेपासून टाळूपर्यंत ओढला आणि समाधानानं मान हलवली. "चालेल. जिन्याची चौकट पाच फूट नऊ इंच आहे. तुम्ही एका इंचानं वाचलात. आधीचा भाडेकरू उंच होता. रोज डोकं आपटून घ्यायचा आणि दोष चौकटीला द्यायचा."

मी पोस्टात कारकून. दर्यापूरहून बदली होऊन यवतमाळला आलो होतो. खोली उंचीमुळे मिळाली असं मला बरेच दिवस वाटत होतं. खरं कारण वेगळं होतं. टेप गुंडाळता गुंडाळता त्यांनी विचारलं होतं, "पोस्टात आहात म्हणता? मग जपानहून येणारी पार्सलं तुमच्याच हातून जातील?" मी 'जातील' म्हणालो आणि त्यांनी अनामत रक्कमसुद्धा मागितली नाही.

साहेब वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. जिल्ह्यात त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. मापसाहेब म्हटलं की झालं. आठवडी बाजारात त्यांची जीप दिसली की भाजीवाल्या बाया वजनं लुगड्याखाली घेऊन त्यांवर बसायच्या म्हणे, आणि साहेब शांतपणे म्हणायचे, "बाई, उठा. कोंबडी अंडं सोडून जाते तसं ते तिथंच सोडा." निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी किराणा दुकानदार त्यांना पाहिलं की सवयीनं चिमूटभर साखर जास्त टाकायचा. साहेब ती चिमूट परत करायचे. "जास्त हीसुद्धा चूकच." दुकानदार मागं जे बोलायचा, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"डोळा लबाड असतो, काटा नसतो," हे त्यांचं ब्रीद. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी काकूंच्या पोळीचा व्यास मोजून दाखवला होता. काकू मारेगावकडच्या. त्यांनी वाद घातला नाही. त्या दिवसापासून लाटलेल्या पोळीवर डब्याचं झाकण दाबायचं आणि कडेचं पीठ काढून घ्यायचं. साहेबांना तीस वर्षं वाटत होतं की आपण बायकोला गोल पोळी शिकवली.

बोलणंही तसंच, मोजूनमापून. आसपास सगळे 'मले-तुले' करत असताना साहेब पुस्तकातली मराठी बोलायचे. आमच्या गल्लीत 'तथापि' हा शब्द ऐकू आला की समजायचं, साहेब फाटकात उभे आहेत.

आणि फाटकाच्या आत, पोर्चमध्ये, ती होती. जपानी. दोनच माणसं बसतील अशी, नाक लांबलचक, पाठ उतरती, सत्तरच्या दशकातली स्पोर्ट्स गाडी. मी गेलो तेव्हा तिला चाकं नव्हती, काचा नव्हत्या, तळसुद्धा नव्हता. आत उभं राहिलं तर पाय थेट फरशीला लागत. साहेब तिच्याकडे बोट करून म्हणाले, "ही चालू व्हायची आहे." मला वाटलं, विनोद केला. हसलो. मापसाहेब विनोद करत नसत हे मला त्या दिवशी कळलं.

गाडीची कथा ते प्रत्येकाला सांगत. दूधवाल्यानंही ती ऐकली होती. नोकरीत असताना बोरी अरबला एका कापसाच्या जिनिंग कारखान्याचा मोठा वजनकाटा तपासायला ते गेले. काटा खोटा निघाला. मालक घाबरला आणि साहेबांना मागच्या शेडमध्ये घेऊन गेला. तिथं कापसाच्या गाठींमागं ही गाडी. मालकाच्या वडिलांनी मुंबईला कुणा परदेशी माणसाकडून हौसेनं घेतलेली. गावच्या रस्त्यावर तिचं पोट चार ठिकाणी घासलं, मग कायमची उभी. सीटवर कोंबड्या बसलेल्या. मालक म्हणाला, "साहेब, काट्याकडे पाहू नका, ही घेऊन जा." साहेब इथं थांबायचे, समोरच्याच्या डोळ्यात बघायचे. मग म्हणायचे, "मी गाडीकडे पाहिलं. काट्याकडे पाहिलं. आणि काट्याला सील ठोकलं."

ऐकणारा 'वा' म्हणायचा. म्हणावंच लागायचं, नाहीतर कथा पुन्हा सुरू व्हायची.

निवृत्तीनंतर ते पुन्हा बोरीला गेले. मालक वारला होता, नातू होता. नातवाला ती अडगळ नकोच होती. भंगाराच्या भावानं, वजनावर, गाडी साहेबांना मिळाली. साहेबांच्या मते हा सचोटीला मिळालेला न्याय होता. या वजनाबद्दल पुढं घरात बोलणं निघालं, ते सांगतोच.

गाडी पोर्चमध्ये आली आणि हळूहळू घरभर पसरली. इंजिन हॉलमध्ये, दिवाणासमोर, चौरंगावर ठेवलेलं. पाहुणे आले की आधी त्यालाच नमस्कार करायचे. डिकीचं दार फ्रिजमागं. कार्बोरेटर दोन, दोन्ही उघडून स्वयंपाकघराच्या ओट्यावर. दोन्ही सीटा देवघरासमोर. काकूंचे गुडघे दुखायचे, त्या सीटवर बसून पूजा करू लागल्या. "एवढ्या वर्षात यायनं घरात एक सोयीची वस्तू आणली," मला म्हणाल्या, "अन् थेही माह्यासाठी नाही."

साहेबांचा गुरू मोबाइलमध्ये राहायचा. जपानातला एक म्हातारा, असल्याच गाड्या दुरुस्त करतानाचे व्हिडिओ टाकणारा. तो काय बोलतो ते साहेबांना कळत नव्हतं, पण अधूनमधून तो 'हाय, हाय' म्हणायचा आणि त्याचा अर्थ 'होय' असा आहे हे साहेबांनी शोधून काढलं होतं. झालं. पोर्चमधून दिवसभर 'हाय, हाय' ऐकू येऊ लागलं. शेजारच्या आजी काठी टेकत विचारायला आल्या, काय झालं म्हणून. काकू ओरडल्या, "कायले हाय हाय करून राह्यले सकाळपासून? कोणी मेलं का?"

"तो जपानी होकार आहे," आतून गंभीर उत्तर आलं.

मदतीला रफीकभाई यायचे. आर्णी रोडवर त्यांचं गॅरेज. कामापेक्षा आवाज मोठा आणि आवाजापेक्षा बढाई मोठी. आपण एका मंत्र्याची गाडी डोळे बांधून दुरुस्त केली असं ते सांगायचे. मंत्र्याचं नाव दर वेळी बदलायचं. जगातली प्रत्येक गाडी मनातून टेम्पोच असते, हा त्यांचा सिद्धांत. "साहेब, कायले एवढा दिमाग खपवता? डिझेल इंजिन टाकून देतो. आराम से चालते. मागं थोडं कापलं तर माल भी बसते."

माल. साहेबांनी त्यांना दोन दिवस फाटकाच्या आत घेतलं नाही.

पण रफीकभाईंशिवाय चालतही नव्हतं. इंजिनचं डोकं बसवायच्या दिवशी दोघांचं जुंपलं. बोल्ट किती आवळायचा हे मोजणारा पाना साहेबांनी खास मागवला होता. टॉर्क रेंच. आकडा आला की तो 'टक' वाजतो. रफीकभाईंना हा अपमान वाटला. "आपला हाथ बोलतो, साहेब. हाथालाच समजते." साहेब पाणी प्यायला आत गेले तेवढ्यात त्यांनी हातानं आवळायला घेतलं. 'टक' वाजलं. बोल्टाचं मुंडकं तुटून चौरंगाखाली गेलं.

साहेब बाहेर आले, वाकले, मुंडकं उचललं. "काय म्हणाला हात?"

रफीकभाईंनी खाली बघत सांगितलं, बोल्टच चायना होता. तो बोल्ट जपानहून, माझ्या पोस्टातून आला होता. मीच सही घेऊन दिला होता. साहेबांनी ते मुंडकं शोकेसमध्ये ठेवलं आणि पुढचा महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं. रफीकभाई तरीही येत राहिले. एवढं मन लावून भांडणारं माणूस त्यांना दुसरीकडे मिळत नसावं.

मग रंग. मूळ रंगच हवा. डॅशबोर्डमधल्या कप्प्याच्या झाकणाआड नखाएवढा शाबूत राहिला होता, पिवळा. तो जुळवायला साहेबांनी पत्र्याच्या इतक्या चकत्या रंगवल्या की कुंपणावर वाळत घातलेल्या चकत्यांमुळे घर रंगाच्या दुकानासारखं दिसे. अखेर जुळला. गाडी रंगून उन्हात आली त्या सकाळी समोरच्या घरातली चिमुरडी दप्तर पाठीला लावून धावत आली आणि गाडीचं दार ओढू लागली. तिला वाटलं, शाळेची बस. त्या दिवसापासून गल्लीनं गाडीला 'स्कूल बस' म्हणायला सुरुवात केली. साहेबांनी खुलासा केला, "शाळेच्या बसचा पिवळा निराळा असतो. तथापि." तथापिच्या पुढं कुणी थांबलं नाही.

हे सगळं चालू असताना घरात एक मुलगी होती, हे सांगायचं राहिलं. पण तेही तसं त्या घराच्या रीतीला धरूनच झालं. प्रज्ञा. एकुलती एक. शाळेत विज्ञान शिकवायची. शांत, हसरी, आईची जीभ आणि बापाचा हट्ट दोन्ही घेतलेली, पण दोन्ही झाकून ठेवणारी. तिनं आपलं लग्न ठरवलं होतं. मुलगा तिच्या कॉलेजातला, आनंद. मुकुटबनला त्याच्या घरचं धान्याचं दुकान. तूर, सोयाबीन, चणा, घेणं आणि विकणं. म्हणजे घरात काटा.

आणि तो काटा साहेबांनी एकदा जप्त केलेला होता.

साहेब नाही म्हणाले नाहीत. 'नाही' हा शब्द उघडा असतो, त्यावर भांडता येतं. ते म्हणाले, "उत्तम. गाडी झाली की करू. माझी मुलगी सासरी या गाडीतून जाईल." आनंदच्या घरच्यांनी मान दिला म्हणून थांबले. दिवाळी गेली, उन्हाळा गेला. गाडीला पार्सल हवं असायचं, पार्सल आलं की त्यात रबर चुकीचं निघायचं. आनंदचे वडील फोन करून विचारायचे, "साहेब, गाडीचं कसं?" लग्नाचं कसं असं विचारायची त्यांना भीती वाटायची.

एका रविवारी मी भाडं द्यायला खाली गेलो आणि दारातच थबकलो. आत प्रज्ञा उभी होती, आणि तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"सरळ सांगा ना बाबा, तुम्हाला तो नको आहे."

"मी असं म्हटलेलं नाही." साहेब स्पार्क प्लग पुसत होते. "तथापि, माप मारणाऱ्या घरात मुलगी देताना माणूस विचार करतोच."

"माप मारणाऱ्या." ती म्हणाली. "आणि बोरीला काय झालं?"

साहेबांचा हात थांबला.

"गाडी चढवायच्या आधी रिकामा टेम्पो चढवला होता ना काट्यावर? त्याचं वजन कागदावर लिहिलेलं होतं. काट्यानं केवढं तरी कमी दाखवलं. आई टेम्पोत होती, तिनं पाहिलं. रफीकचाचांनीही पाहिलं. सगळे तुमच्याकडे बघत होते. तुम्ही काय केलंत?"

काकू भाजी निवडत होत्या. मान वर न करता त्यांनीच उत्तर दिलं. "आभाळाकडे पाह्यलं अन् म्हणाले, चढवा."

कमी दाखवणारा काटा म्हणजे विकणाऱ्याचं नुकसान, घेणाऱ्याचा फायदा. घेणारे साहेब होते. जन्मभर ज्यांनी चिमूटभर साखर परत केली, त्यांनी त्या दिवशी एक अख्खी गाडी कमी मापानं घरी आणली होती. मी भाडं घेऊन तसाच जिना चढलो. मागून त्यांचा आवाज आला, नेहमीसारखाच, फक्त थोडा खालचा. "गाडी झाली की बघू."

प्रज्ञानं त्यानंतर विचारणं बंद केलं. नोंदणी कार्यालयात अर्ज दिला आणि जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं, "गुरुवारी रजिस्टर लग्न आहे." साहेब म्हणाले, "गुरुवारी ब्रेक बसवायचे आहेत." बाकीच्यांनी हे त्यांचं उत्तर आहे असं समजून घेतलं.

गुरुवारी मी साक्षीदार म्हणून तयार होऊन जिन्यात उभा होतो, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांनी पाहिलं. साहेब गाडीखाली. फक्त पाय बाहेर. काकू नवं पातळ नेसून फाटकापाशी रिक्षा थांबवून उभ्या. प्रज्ञा गाडीपाशी आली. हिरव्या बांगड्या, अबोली रंगाची साडी, केसांत गजरा. ती वाकली. गाडीखालून एक काळाकुट्ट हात बाहेर आला.

"बारा नंबरचा पाना दे."

तिनं खाली पसरलेल्या पान्यांकडे पाहिलं. एक उचलला. त्या हातात ठेवला.

"बाबा, निघते मी."

"हं. फाटक ओढून घे."

तिनं बाहेर राहिलेल्या त्यांच्या पायांना हात लावला, नमस्कार केला, पदर सावरला आणि आली. फाटक ओढून घेतलं. कार्यालयात आनंद, त्याचे आईवडील, दोन मित्र. सह्या झाल्या, हार झाले, बाहेर येऊन कचोरी खाल्ली. आनंदचे वडील पुन्हा पुन्हा दाराकडे बघत होते. साहेब येतील आणि काहीतरी तपासतील, अशी त्यांना धास्ती होती की आशा, मला सांगता येणार नाही.

दुपारी मी परतलो तेव्हा साहेब पोर्चच्या पायरीवर बसले होते. हातात पाना.

"कुठे गेला होतात?"

"लग्नाला."

त्यांनी कुणाच्या ते विचारलं नाही. पाना उलटून पाहिला. "हा तेराचा आहे. तिनं तेराचा दिला. अर्धा तास नुसता घसरत होता." थोड्या वेळानं म्हणाले, "तिला पाने कळतात. लहानपणापासून कळतात."

मग उठून हात धुवायला गेले, आणि नळ बराच वेळ चालू राहिला. पाणी वाया घालवणाऱ्याला ते कधी माफ करत नसत.

त्यांचा स्वभाव त्यानंतर बदलला, असं मी सांगितलं तर ते तुम्हाला आवडेल. बदलला नाही. उलट काम दुप्पट वेगानं सुरू झालं. ज्या गाडीला अडीच वर्षं एक ना एक रबर कमी पडत होतं, ती मुलगी गेल्यावर भराभर पुरी झाली. काकूंनी एकदा मला स्पष्टच सांगितलं, "होत होती थे गाडी. हेच होऊ देत नव्हते." मी विचारलं, साहेबांना हे माहीत होतं का. काकू म्हणाल्या, "त्यायले स्वतःचं काय माहीत असते? दुसऱ्याचं मापता मापता जनम गेला."

काकू मधूनमधून एसटीनं मुकुटबनला जाऊन यायच्या. आल्या की साहेब काही विचारायचे नाहीत, पण त्या माझ्याशी जिन्यात बोलत असल्या की खाली पोर्चमधला खडखडाट थांबायचा.

आणि एके दिवशी ती चालू झाली. धूर, मग खोकला, मग असा एक खोल, भरदार आवाज की गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प झाली. रफीकभाईंनी दोन्ही हात वर करून 'माशाल्ला' म्हटलं आणि लगेच सगळं श्रेय घेतलं. कागदपत्रं, तपासणी, विमा, सगळं रीतसर झालं. मग एका सकाळी साहेब कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून जिन्याखाली उभे. "रजा काढा. मुकुटबनला जायचं आहे."

काकू म्हणाल्या, "मी नाही बसत त्या खटाऱ्यात. माह्या पोरीचं लग्न खाल्लं त्यानं." डब्यात अनारसे भरले, आणि आमच्या आधी एसटी स्टँडवर गेल्या.

वणीच्या रस्त्यावर साहेब चाळीसच्या वर गेले नाहीत. ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकत होते. ट्रॅक्टरवरची पोरं वळून मोबाइलवर फोटो काढत होती. गाडी इतकी बुटकी की मला दोन्ही बाजूंना फक्त कपाशीची पऱ्हाटी दिसत होती. साहेब पूर्ण वेळ तापमानाच्या काट्याकडे बघत होते. रस्त्याकडे मी बघत होतो. मारेगावच्या अलीकडे गाडीनं आचका दिला आणि बंद पडली. कार्बोरेटरमधून पेट्रोल वाहत होतं. साहेबांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, बॉनेट उघडलं आणि त्यात कंबरेपर्यंत शिरले.

तेवढ्यात मागून एसटी आली. आम्हाला पाहून ड्रायव्हरनं वेग कमी केला. खिडकीत काकू, मांडीवर डबा. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, म्हणजे जेवढा बाहेर होता तेवढ्याकडे. मग मला म्हणाल्या, "या मागून," आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "चाल रे बावा, तुह्या गाडीले टाइम हाये."

पेट्रोल थांबलं, गाडी सुरू झाली, मारेगावला पंपावर मी टाकी भरायला लावली, कारण उरलेलं सगळं रस्त्यानं प्यायलं होतं. साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर काळ्या पंजाचा ठसा उमटला होता. त्यांना मी सांगितलं नाही. आता सांगून काय उपयोग होता?

मुकुटबनला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. दुकानासमोर गाडी थांबली आणि बघता बघता अर्धं गाव जमलं. आनंदचे वडील पोत्यांमधून वाट काढत हात जोडून पुढं आले आणि घाबरून पहिलंच वाक्य बोलले, "या साहेब, या. काटा पाह्यता का? यंदाचा शिक्का हाये."

साहेब लालबुंद झाले. "मी... मी त्या कामाला आलेलो नाही."

दुकानामागच्या घरातून प्रज्ञा बाहेर आली. हात पिठानं भरलेले. काकू तिच्या मागं, ओसरीवर लसूण सोलत बसल्या, जणू बघण्यासारखं काही नाही.

"प्रज्ञा," साहेब म्हणाले, "गाडी झाली."

"दिसते आहे."

"मी म्हटलं होतं, गाडी झाली की." वाक्य पुढं गेलं नाही. बहुधा आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. "तुला न्यायला आलो. यवतमाळला. चार दिवस राहा. तुझी आई येईल मागून एसटीनं."

ओसरीवरून आवाज आला, "काहून? मीच काहून एसटीनं?"

प्रज्ञानं हात पदराला पुसले. गाडीभोवती एक फेरी मारली, हळूहळू. दाराच्या कडेवरून बोट फिरवलं. काच खाली घेऊन पाहिली, वर घेऊन पाहिली. बाप तिच्याकडे असा बघत होता, जसे त्याच्याकडे जन्मभर दुकानदार बघत आले असतील.

"छान झाली बाबा," ती म्हणाली. खरंच म्हणाली, त्यात खोच नव्हती. मग तिनं हात पुढं केला. "चावी द्या."

"अं? गिअर जरा जड आहे. आणि क्लच अर्ध्या..."

"चावी द्या, बाबा."

ती चावी त्यांनी रफीकभाईंना कधी दिली नव्हती. गाडी बंद केली की ती लगेच त्यांच्या जानव्याला बांधली जाई, अंघोळीच्या वेळीसुद्धा तिथंच असे. शर्टाच्या आत हात घालून, सगळ्या गावासमोर, मापसाहेब जानव्याची गाठ सोडत उभे राहिले. गाठ लवकर सुटेना. कुणी हसलं नाही. मीही नाही, आणि ते सोपं नव्हतं.

"आई, चल."

काकूंनी गाडीकडे पाहिलं. नवऱ्याकडे पाहिलं. लसणाचं सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि दुसऱ्या सीटवर टेकल्या. "मायबाई, हे तं जमिनीवर बसल्यासारखं हाये!" दार लागलं. गाडीनं एक झटका दिला, थोडी उसळली, आणि आवाज घुमवत वणीच्या दिशेला निघाली.

"अवो, दुसरा टाक! दुसरा टाक वो पोरी!" साहेब तिच्या मागं चार पावलं धावले. अशी वऱ्हाडी त्यांच्या तोंडून मी त्याआधी ऐकली नव्हती. गाडीनं दुसरा गिअर घेतला, मग तिसरा, आणि चाळीसच्या कितीतरी वरच्या वेगानं वळणाआड दिसेनाशी झाली.

साहेब पायरीवर बसले. आवाज येत होता तोवर मान कलती करून ऐकत राहिले. मग तोही थांबला. आनंदनं पाणी आणून दिलं. त्याच्या वडिलांनी चहा आणवला. गाव पांगलं. ऊन पायरीवर आलं, आम्ही सरकलो. साहेब दर थोड्या वेळानं उठून रस्त्यावर जायचे आणि परत यायचे.

शेवटी माझा मोबाइल वाजला. काकू. मी स्पीकरवर टाकला. मागं वारा होता आणि प्रज्ञाचं हसणं होतं.

"भाऊ, आम्ही वणीले पोचलो. रस्ता एकदम मस्त हाये. पोरगी म्हणते, आई, आणखी पुढे जाऊ. आम्ही जाऊन राह्यलो."

"पुढे कुठे?" साहेब माझ्या हातातल्या फोनवर ओणवले. "अगं, पुढे कुठे?"

फोन बंद झाला होता.

साहेबांनी मला हळूच विचारलं, "टाकीत पेट्रोल किती होतं?"

"फुल," मी म्हणालो.

त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. ओठ हलले, मान हलली. शर्टावरचा तो काळा पंजा त्यांना आता दिसला. बोटानं पुसायला गेले, आणखी पसरला, मग सोडून दिला. चपला पायरीखाली नीट जोडून ठेवल्या, घराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं आणि दारात अवघडून उभ्या असलेल्या आनंदकडे वळून म्हणाले,

"जावईबापू, ताटं घ्या. त्या काही येत नाहीत."